गॅरी व्हॅनडीव्हर आणि टेक्सासचे गावाकडचे रिपब्लिकन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नुकतेच टेक्सासमध्ये डॅलसजवळच्या फ्रिस्कोला आलात, ऑफिसमधला टेक्सारकानाकडचा सहकारी गॅरी व्हॅनडीव्हर नावाच्या आमदाराचं तोंडभरून कौतुक करतो, आणि जुन्या बातम्या वाचल्यावर दिसतं की याच आमदाराने शाळांच्या व्हाउचरवर (खासगी शाळेच्या फीसाठी सरकारी पैसे) स्वतःच्याच रिपब्लिकन पक्षाच्या गव्हर्नरविरुद्ध मत दिलं. मग हा माणूस खरा कॉन्झर्व्हेटिव्ह की आतून डेमोक्रॅट?

आतून डेमोक्रॅट अजिबात नाही. पण हे समजायचं तर पक्षाचा जाहीरनामा बाजूला ठेवून नकाशा उघडावा लागतो. डॅलसच्या उत्तरेला बरीच वर्षं राहून आणि इथलं राजकारण जरा जास्तच आवडीने बघून माझं हे मत झालंय. उत्तर लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी इथली आमदारकी. टेक्सासच्या हाऊसमध्ये, म्हणजे राज्य विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहात, 150 सदस्य आहेत आणि एका मतदारसंघात साधारण दोन लाख लोक. पगार महिन्याला 600 डॉलर. हो, सहाशेच. वर अधिवेशनाच्या दिवसांचा भत्ता. नियमित अधिवेशन फक्त विषम वर्षांत, तेही 140 दिवसांचं. त्यामुळे पोटापाण्याचा धंदा सोडून कुणी इथे येत नाही. कुणी वकील, कुणी गुरांचा डॉक्टर, कुणी रँच सांभाळणारा, कुणी निवृत्त मास्तर. आपल्याकडचा आमदार डोळ्यांसमोर आणाल तर फसाल: इथे ना लाल दिवा, ना बदल्यांची शिफारसपत्रं.

व्हॅनडीव्हर 2014 च्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणारी मतदारांची निवडणूक) स्वतःच्याच पक्षाच्या तेव्हाच्या आमदाराला, जॉर्ज लॅव्हेंडर यांना, हरवून आले. त्याआधीचं आयुष्य शाळेत गेलेलं, शेवटी न्यू बॉस्टनच्या स्कूल डिस्ट्रिक्टचे (गावच्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) सुपरिंटेंडंट, म्हणजे प्रमुख. हे पद म्हणजे आपला जिल्हा परिषदेचा शिक्षणाधिकारी नव्हे. सुपरिंटेंडंटला गावाने निवडून दिलेलं स्कूल बोर्ड नेमतं, शाळेचा मोठा पैसा गावच्या घरजमिनीवरच्या करातून येतो, आणि बस वेळेवर आली नाही की लोक किराणा दुकानात गाठून जाब विचारतात. राजकारणाचं याहून चांगलं प्रशिक्षण नसेल.

मतदारसंघ क्रमांक 1, म्हणजे राज्याचा ईशान्य कोपरा: बोवी, कॅस, लमार, मॉरिस आणि रेड रिव्हर या काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग. टेक्सारकाना अर्धं टेक्सासात, अर्धं आर्कान्सात. लमारमध्ये पॅरिस नावाचं गाव आहे, तिथे आयफेल टॉवरची प्रतिकृती आहे आणि तिच्या डोक्यावर लाल काउबॉय हॅट. एकदा जाऊन बघाच. बाकी पाइनची जंगलं, लाकूड आणि कागदाचा धंदा, गुरं, रेड रिव्हर आर्मी डेपोतल्या नोकऱ्या. मजा म्हणजे ही जागा 2010 पर्यंत डेमोक्रॅटिक पक्षाकडे होती. लोक तेच, चर्च तेच, बंदुका त्याच, पाटी बदलली. पक्ष बदलला म्हणून शाळा, जमीन आणि दवाखाना यांबद्दलचं मत बदललं नाही, आणि पुढचं सगळं त्यातून येतं.

आता व्हाउचर. कल्पना अशी की सरकारने पालकांच्या खात्यात पैसे टाकायचे आणि पालकांनी ते खासगी शाळेच्या फीसाठी वापरायचे. फ्रिस्को-प्लेनोत बसून हे आकर्षक वाटतं, कारण वीस मिनिटांच्या अंतरावर डझनभर खासगी शाळा आहेत. रेड रिव्हर काउंटीत बसून बघा. गावाकडच्या कित्येक काउंट्यांत खासगी शाळाच नाही. तिथे स्कूल डिस्ट्रिक्ट हाच बहुतेक सगळ्यात मोठा नोकरी देणारा असतो. शुक्रवारी रात्री अख्खं गाव फुटबॉलला त्याच मैदानावर जमतं. पटावर पाच-दहा मुलं कमी झाली तर एक शिक्षक कमी होतो, कारण राज्याचा पैसा हजेरीवर मोजून येतो. म्हणजे व्हाउचरचा खर्च सगळ्या राज्याचा आणि उपयोग शहरांचा, असा गावाचा हिशेब. तो हिशेब चुकीचा आहे असं मला तरी वाटत नाही.

म्हणूनच गावाकडचे रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट यांची या एका मुद्द्यावर जुनी युती होती. 2017 मध्ये हाऊसने व्हाउचरविरोधी दुरुस्ती 103 विरुद्ध 44 अशी मंजूर केली होती, तेव्हा कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी 2023 मध्ये हा प्रतिष्ठेचा प्रश्न केला. विशेष अधिवेशनं बोलावली, आणि शाळांना द्यायचा वाढीव निधी त्याच विधेयकात बांधला: व्हाउचर घ्या, नाहीतर पैसे विसरा. 17 नोव्हेंबर 2023 रोजी कॉलेज स्टेशनचे रिपब्लिकन आमदार जॉन रॅनी यांनी व्हाउचर वगळण्याची दुरुस्ती मांडली आणि ती 84 विरुद्ध 63 ने मंजूर झाली. 21 रिपब्लिकन तिच्या बाजूने गेले. व्हॅनडीव्हर त्यांतले एक. परिणाम काय? विधेयक मेलं आणि निधीही गेला. प्रति विद्यार्थी 6,160 डॉलर हा मूळ आकडा 2019 पासून जिथे होता तिथेच राहिला, महागाई मात्र थांबली नाही. यांच्या मतामुळे यांच्याच शाळा उपाशी राहिल्या, असा आरोप झाला आणि तो पूर्ण खोटा म्हणता येत नाही. पण गाठ मारली कुणी, हेही विचारायला हवं.

मग 2024 ची प्रायमरी आली. पेनसिल्व्हेनियातल्या जेफ यास या अब्जाधीशाने ॲबट यांना 60 लाख डॉलरची देणगी दिली होती. गव्हर्नर स्वपक्षाच्याच आमदारांविरुद्ध उमेदवारांना पाठिंबा देत फिरले. गंमत बघा, पत्रकांत आणि जाहिरातींत व्हाउचरचा उल्लेख फारसा नसायचाच. तिथे विषय सीमेचा: हा आमदार सीमेवर नरम आहे वगैरे. कारण व्हाउचरवर मत मागितलं असतं तर गावात मिळालं नसतं. (हे माझं अनुमान, पण फार धाडसी नाही.) ग्लेन रॉजर्स नावाचे गुरांचे डॉक्टर आणि रँचर मार्चमध्येच पडले. त्यांना 2020 मध्ये याच ॲबट यांनी पाठिंबा दिला होता! ट्रॅव्हिस क्लार्डी, अर्नेस्ट बेल्स, ह्यू शाइन हे व्हाउचरविरोधी आमदारही हरले. 28 मेच्या रनऑफमध्ये (मार्चमध्ये कुणालाच निम्म्याहून जास्त मतं न मिळाल्यास होणारी दुसरी फेरी) व्हाउचरला विरोध केलेले चार आमदार उरले होते: होलंड, क्यूम्पेल, बर्न्स आणि व्हॅनडीव्हर. पहिले तिघे हरले. व्हॅनडीव्हर ख्रिस स्पेन्सर यांना हरवून टिकले.

एप्रिल 2025 मध्ये नवीन हाऊसने व्हाउचरचं विधेयक मंजूर केलं. त्या दिवशी सकाळी डोनाल्ड ट्रंप स्वतः रिपब्लिकन आमदारांच्या बैठकीशी फोनवर बोलले. 2023 मध्ये विरोध करणारे जे उरले होते ते बहुतेक वळले. विरुद्ध मत देणारे रिपब्लिकन दोनच: बोमाँटचे माजी स्पीकर डेड फीलन आणि व्हॅनडीव्हर. कायद्यावर मे 2025 मध्ये सही झाली, सुरुवातीची तरतूद एक अब्ज डॉलर. शाळांचा वेगळा निधीही त्या अधिवेशनात वाढला, पण 6,160 चा आकडा वाढला तो 55 डॉलरने.

याच गावाकडच्या गटाची बाकीची मतं बघितली तर तुमचा 'आतून डेमोक्रॅट' हा संशय फिटेल. 2021 चा गर्भपातविरोधी कायदा, परवान्याशिवाय पिस्तूल बाळगायची मुभा, सीमेवर अब्जावधी डॉलरचा खर्च, घरपट्टी कमी करणं: या सगळ्यात हे लोक पक्षाबरोबर, आणि मनापासून. तुम्हाला-मला यातलं काय पटतं हा वेगळा विषय.

आता जो मुद्दा तुमच्या सहकाऱ्याने बहुधा तुम्हाला सांगितला नसेल, तो पाण्याचा. सल्फर नदीवर मार्विन निकल्स नावाचं धरण बांधायची योजना 1968 पासून राज्याच्या जल आराखड्यात आहे. सुमारे 66,000 एकर जमीन पाण्याखाली जाईल: कुरणं, जुनी जंगलं, पिढ्यान्‌पिढ्यांची शेतं, दफनभूमी. शिवाय वन्यजीवांच्या नुकसानभरपाईपोटी आणखी जमीन राखून ठेवावी लागेल ती वेगळीच. आणि पाणी कुणाला? बहुतांश डॅलस-फोर्टवर्थला. म्हणजे आपल्याला. फ्रिस्को, प्लेनो, मॅकिनीला पाणी देणारा नॉर्थ टेक्सास म्युनिसिपल वॉटर डिस्ट्रिक्ट आत्ताच लव्हॉन तलावाबरोबर बोनहॅमजवळच्या नव्या बोडार्क तलावातून पाणी आणतो. पुढची पन्नास वर्षं वाढ अशीच राहिली तर अजून पूर्वेकडे हात जाणार.

व्हॅनडीव्हर या धरणाचे ठाम विरोधक. पन्नास वर्षं आराखड्यात पडून असलेला आणि काम सुरू न झालेला जलाशय आराखड्यातून काढून टाकावा, असं विधेयक त्यांनी 2025 मध्ये मांडलं. त्याचा कायदा झाला नाही. विरोधाची भाषा मात्र ऐकण्यासारखी आहे: सरकारने खासगी जमीन बळजबरीने घेऊ नये, आहे त्या राइट पॅटमन तलावाची पातळी वाढवा, आणि आधी शहरांनी लॉनवर ओतलं जाणारं पाणी मोजावं. यात पर्यावरणवादी आणि लाकूडवाले शेतकरी एकाच बाकावर बसतात. मुंबईच्या विजेसाठी मुळशीच्या लोकांनी जमिनी का द्यायच्या, हे 1921 मध्ये सेनापती बापट विचारत होते. इथे तोच सवाल काउबॉय हॅट घालून विचारला जातो, आणि या वेळी मुंबईच्या जागी आपण आहोत. आपल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर उन्हाळ्यात लॉनच्या पाणीकपातीवर जी कुरकुर चालते ती वाचताना मला हे हटकून आठवतं.

तिसरा विषय दवाखान्यांचा. रेड रिव्हर काउंटीचं क्लार्क्सविल इथलं हॉस्पिटल 2014 च्या अखेरीस बंद झालं. 2025 मध्ये व्हॅनडीव्हर हाऊसच्या सार्वजनिक आरोग्य समितीचे अध्यक्ष होते आणि ग्रामीण रुग्णालयांना अनुदान आणि आर्थिक मार्गदर्शन देणारं एचबी 18 हे विधेयक त्यांचंच. ते कायदा झालं. केंद्राच्या पैशातून मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) वाढवायला टेक्सासने मात्र अजून नकारच दिलाय, आणि विमा नसलेला रुग्ण शेवटी याच छोट्या हॉस्पिटलांच्या माथी येतो. माझ्या मते गावाकडच्या रिपब्लिकनांच्या भूमिकेतला सगळ्यात मोठा विरोधाभास तो आहे. शाळेसाठी पक्षाशी भांडले, इथे नाही भांडले.

तुम्ही शेवटी विचारलं होतं की अशा आमदाराची खरी मतं कुठे बघायची. टेक्सास लेजिस्लेचर ऑनलाइन या सरकारी साइटवर प्रत्येक विधेयकाचा इतिहास आणि हाऊस जर्नलमध्ये कोणी काय मत दिलं ते मिळतं. आमदारांना गुण देणारी संघटनांची 'स्कोअरकार्ड' बघू नका, किंवा बघितलीत तर त्यांनी कोणती मतं मोजायला निवडली ते आधी तपासा. आणि लक्षात ठेवा, इथे मतदाराची पक्षनोंदणी नसते. प्रायमरीत कुणीही कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका मागू शकतो. गावाकडे नोव्हेंबरची निवडणूक औपचारिक असते, खरा निकाल मार्चच्या रिपब्लिकन प्रायमरीत लागतो.

तुम्ही अजून व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असाल तर मत नाही. पण डॅलस भागाचं पाणी ठरवणाऱ्या 'रीजन सी' या नियोजन गटाच्या बैठका सगळ्यांना खुल्या असतात. ईशान्येकडचे शेतकरी दोन-अडीच तास गाडी चालवून तिथे बोलायला येतात. फ्रिस्कोहून तेवढं लांब नाही.