आरोग्य प्रश्नोत्तरे : वृषणकोशाच्या कातडीतली घट्ट गाठ

प्रश्न : वय ४४. वृषणकोशाच्या कातडीत दोन सेंटिमीटरची, न दुखणारी गाठ होती. ‘सिस्ट’ म्हणून काढली, बायोप्सीत ‘लायोमायोमा’ निघालं. हा कॅन्सर आहे का? सोनोग्राफीत आधीच का कळलं नाही?

उत्तर : कॅन्सर नाही. थंडीत वृषणकोश आक्रसतो तो कातडीतल्या डार्टॉस या अनैच्छिक स्नायूमुळे. त्यातूनच लायोमायोमा ही साधी, म्हणजे कॅन्सर नसलेली, गाठ सावकाश वाढते. सिस्ट, म्हणजे कातडीतली पिशवीसारखी गाठ, तिच्यापेक्षा कितीतरी जास्त आढळते, म्हणून आधी तीच डोक्यात येते. सिस्टच्या माथ्यावर बरेचदा काळा ठिपका दिसतो. लायोमायोमावर तो नसतो, आणि गाठ रबरासारखी घट्ट लागते.

सोनोग्राफीचं मुख्य काम वेगळं. गाठ वृषणाच्या आत की बाहेर, भरीव की पाण्याची, एवढं ती नीट सांगते. आतली भरीव गाठ कॅन्सरच मानून पुढे जातात : एएफपी, बीटा-एचसीजी, एलडीएच या वृषणाच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणाऱ्या घटकांच्या रक्ततपासण्या करतात, वृषणकोशातून सुई घालत नाहीत आणि शस्त्रक्रिया जांघेतून होते. गाठ बाहेर असेल तर ही धास्ती बरीच कमी होते. पण भरीव गाठ लायोमायोमा, फायब्रोमा (तंतुमय भागाची साधी गाठ) की सार्कोमा (कॅन्सरची गाठ), हे सोनोग्राफीवर ठरत नाही. सुईच्या तपासणीत लांबट पेशी मिळाल्या तरी गाठीची कड दिसत नाही. म्हणून गाठ अखंड काढायची आणि निदान पॅथॉलॉजिस्टवर सोपवायचं. ‘सिस्टच तर आहे’ म्हणून काढलेला तुकडा टाकून देणं ही खरी घोडचूक. तो दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणारं रसायन), तुकड्याच्या साधारण दहापट द्रवात गेला पाहिजे. द्रव कमी पडला तर आतला भाग कुजतो आणि पेशी वाचता येत नाहीत.

आता रिपोर्ट पुन्हा वाचा. एकमेकांत गुंतलेले लांबट पेशींचे जुडगे, बोथट टोकांची केंद्रकं, डेस्मिन आणि स्मूथ मसल अ‍ॅक्टिन (स्नायूपेशींतली प्रथिनं) पॉझिटिव्ह, एस-१०० (मुख्यतः मज्जातंतूच्या गाठींत दिसणारं प्रथिन) निगेटिव्ह : इथपर्यंत पेशी स्नायूच्या आहेत एवढंच ठरतं. साधी की घातक, हे मायटोसिसची (पेशींच्या विभाजनाची) संख्या, नेक्रोसिस (मेलेला भाग), केंद्रकांतली विकृती, कडेची घुसखोरी आणि आकार एकत्र पाहून ठरवतात. पाच सेंटिमीटरपुढे संशय वाढतो. ‘बिझार न्यूक्लिआय’ (विचित्र आकाराची केंद्रकं) हे शब्द दिसले तर तेवढ्यावरून घाबरू नका. मायटोसिस आणि नेक्रोसिस नसेल तर तो बहुधा जुन्या गाठीतला झिजेचा बदल असतो. शेवटी ‘मार्जिन’, म्हणजे काढलेल्या तुकड्याची कड, पाहा. कडेला पेशी उरल्या असतील तर गाठ पुन्हा येऊ शकते. पुन्हा थोडं कापावं का, हे सर्जनना विचारा.

प्रश्न : खांद्यावरही बारीक गाठी आहेत, थंडीत ठणकतात. आईला तिशीच्या आत फायब्रॉइड झाले होते. संबंध असेल?

उत्तर : असू शकतो, आणि हे गंभीरपणे घ्या. कातडीवर अनेक लायोमायोमा, घरातल्या बायकांना लहान वयात फायब्रॉइड (गर्भाशयातले लायोमायोमा) आणि मूत्रपिंडाचा कॅन्सर यांची साखळी एफएच जनुकातल्या दोषाने होते. खांद्यावरच्या एका गाठीची बायोप्सी करून घ्या आणि जनुकीय सल्लागारांना भेटा. दोष सापडला तर मूत्रपिंडांचा एमआरआय दरवर्षी करतात, आणि भावंडांची व मुलांचीही जनुकतपासणी सुचवतात.