वाचक विचारतात : बुटांवरचं पावसाळी कव्हर

प्रश्न : जुळे सोलापुरातून रोज दुचाकीने ऑफिसला जातो. चामड्याच्या बुटांवर चढवायचं रबरी कव्हर दुकानात काय म्हणून मागायचं? आधीचं सिलिकॉनचं महिन्याभरात टाचेपाशी फाटलं.

उत्तर : ‘रेन शू कव्हर’ म्हणा. ‘रेनशूज’ म्हणालात तर प्लास्टिकचे बूटच पुढ्यात येतील, गमबूट वेगळे.

टाच फाटते ती बहुधा ओढाताणीने. बुटाच्या नंबरावर भिस्त ठेवू नका, बुटाचा तळ बाहेरून टोकापासून टाचेपर्यंत मोजा आणि त्या मापाचं कव्हर घ्या. चढवताना आधी पुढचं टोक पूर्ण आत बसवा, मग अंगठा आत घालून टाच वर घ्या. नुसत्या काठाला धरून ओढलं की ताण एकाच जागी येतो. सिलिकॉन ताणलं जातं भरपूर, पण त्याला बारीक चीर गेली की ती पळत सुटते. रोजच्या वापराला जाड रबर बरं.

दुचाकीवर डाव्या पायाचं कव्हर गियरवर घासून झिजतं, तिथे जाड पट्टी असलेलं बघा. पीव्हीसीचं असेल तर तापलेल्या सायलेन्सरपासून जपा, चिकटलं की भोक पडलंच.

तळाच्या खाचा खोल हव्यात. आपल्याकडची काळी माती उथळ खाचा लगेच भरून टाकते, मग ओल्या शहाबादी फरशीवर पाय सटकतो. जिना चढण्याआधी कव्हर काढाच.

प्रश्न : पंक्चरचं ठिगळ चालेल का?

उत्तर : रबराला उत्तम चालतं. जागा कोरडी करून पॉलिश पेपरने खरवडा, सोल्युशनचा पातळ थर द्या, ते सुकून बोटाला जेमतेम चिकटेल इतपत, म्हणजे साधारण ५ मिनिटं थांबा, मग ठिगळ दाबा. ओल्यावरच दाबलं तर सुटतं. सिलिकॉनला हे सोल्युशन धरत नाही, त्याला सिलिकॉन सीलंटच लागतं आणि ते रात्रभर सुकू द्यावं लागतं. पीव्हीसीसाठी पीव्हीसीचाच गोंद.

प्रश्न : आत बुटांना बुरशी येते.

उत्तर : कव्हरमधून हवा खेळत नाही, घाम आतच राहतो. ऑफिसात पोचल्यावर लगेच काढा. घरी बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत ठेवा. सोलापुरात सप्टेंबरचा पाऊस मोठा, त्यामुळे कव्हर ऑगस्टमध्ये गुंडाळून ठेवू नका. ठेवताना धुऊन, सुकवून, आतबाहेर शंखजिरं लावा. गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखाली ठेवलेलं रबर उन्हाळ्यात तडकतं.