तीन एअर प्युरिफायर, 24 हप्ते आणि लेकीची एसआयपी

चेंबूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. शेजारची इमारत पाडून टॉवर उठतोय, खिडकीच्या कट्ट्यावर रोज सिमेंटचा थर. सासूबाईंना दमा, मुलगी सहा वर्षांची. सोसायटीत आलेल्या विक्रेत्याने काचेच्या पेटीत उदबत्तीचा धूर कोंडला, मशीन लावलं आणि मिनिटभरात पेटी लख्ख! तीन मशीन 96,000 रुपयांना, महिना 4,000 चे 24 ‘बिनव्याजी’ हप्ते. यजमान म्हणतात, तेवढ्यासाठी मुलीची 4,000 ची एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा भरायची रक्कम) दोन वर्षं बंद ठेवू. जाता जाता ताईंनी हेही लिहिलंय, की घरात डक्ट नसलेली चिमणी आहे आणि रात्री डासांची कॉइल लागते.

ताई, एक मशीन घ्या. तीन नकोत. आणि एसआयपीला हात लावू नका.

ती काचेची पेटी फार तर एक घनफूट असेल. तुमची 10 बाय 12 ची खोली, उंची साडेनऊ फूट धरली तर 1,140 घनफूट होते, म्हणजे सुमारे 32 घनमीटर. तासाला पाच वेळा तेवढी हवा गाळून निघायची, तर ताशी 160 घनमीटर स्वच्छ हवा लागेल. खोक्यावर ‘सीएडीआर’ म्हणून जो आकडा असतो तो हाच, पण तो पूर्ण वेगाचा. त्या आवाजात सासूबाईंना झोप लागायची नाही. म्हणून सीएडीआर 300 च्या आसपास असलेलं मशीन घ्या आणि मधल्या वेगावर चालवा.

फिल्टरला आपण चाळणी समजतो, तसं ते नसतं. हेपा म्हणजे बारीक तंतूंचा घड्या घातलेला गुंता. मोठे कण हवेबरोबर वळण घेऊ शकत नाहीत, तंतूंवर आपटतात. अगदी सूक्ष्म कण भरकटत जाऊन चिकटतात. अवघड असतात ते मधले, 0.3 मायक्रॉनच्या आसपासचे, म्हणून 99.97 टक्के हा आकडा त्यांच्यावरच मोजून देतात. ‘हेपा टाइप’ लिहिलं असेल तर सोडून द्या. वायू आणि वास हेपात अडकत नाहीत, त्यासाठी कोळशाचा थर लागतो आणि तो फिल्टरच्या आधी दम सोडतो. आयोनायझरचं बटण असलं तर बंदच ठेवा, त्यातून ओझोन निघू शकतो आणि दम्याला तो वाईट.

आता पैशाचं. विक्रेत्याने न सांगितलेली किंमत फिल्टरची असते. एका फिल्टरचे वर्षाला 4,500 धरले तर तिन्हींचे 13,500, पाच वर्षांत 67,500. म्हणजे 96,000 ची वस्तू दीड लाखाच्या पुढे गेली. हप्ते बिनव्याजी म्हणतात, पण रोखीवर मिळाली असती ती सूट हेच ते व्याज. शिवाय प्रोसेसिंग फी, आणि हप्ते क्रेडिट कार्डावर असतील तर व्याजाच्या भागावर 18 टक्के जीएसटी. शून्य टक्के व्याजाच्या योजनांवर रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बोट ठेवलं होतं. आणि एसआयपीचे ते 24 हप्ते भरून पुढे दहा वर्षं तसेच राहू दिले, 10 टक्के परतावा मिळाला (हमी नाही, हिशेबापुरता धरतोय), तर पावणेतीन लाखांच्या आसपास होतात. मुलीच्या कॉलेजचं एक वर्ष समजा.

खरी मेख तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे. एक कॉइल जळताना जो सूक्ष्म धूर सोडते तो 75 ते 137 सिगारेटींइतका भरतो, असं 2003 च्या एका अभ्यासात मोजलं गेलंय. ती पेटवून शेजारी प्युरिफायर लावायचा म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसायची! खिडक्यांना जाळ्या मारून घ्या. तुमची चिमणी फोडणीचा धूर गाळून पुन्हा घरातच सोडते, तेव्हा डक्ट बाहेर काढा, नाहीतर साधा एक्झॉस्ट फॅन बसवा. झाडूऐवजी ओलं फडकं. आणि एसी हवा साफ करतो हा समज सोडा, त्याच्या जाळीत फक्त जाड धूळ अडकते.

टॉवरच्या धुळीचा एक फुकट उपाय आहे. ऑक्टोबर 2023 पासून महापालिकेचे बांधकामांसाठी नियम आहेत. 70 मीटरपेक्षा उंच इमारत असेल तर भोवती 35 फुटी पत्रे हवेत, पाणी मारायला हवं. सोसायटीच्या लेटरहेडवर एम-पश्चिम वॉर्डात तक्रार द्या, फोटोंसकट.

माझा अंदाज असा: मशीन 14,000, जाळ्या 6,000, एक्झॉस्ट 2,500. एकूण 22,500, बचत खात्यातून रोख. फिल्टरसाठी महिना 375 वेगळे काढा. पावसाळ्यात मुंबईची हवा तशीही धुतलेली असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, वारा मंदावतो तेव्हा, मशीन नीट चालवा. सासूबाई आणि नात रात्री एकाच खोलीत झोपत असतील तर तिथेच ठेवा, दार-खिडकी लावून. दम्याचा पंप मात्र डॉक्टर सांगतील तसाच चालू राहू दे, मशीन त्याची जागा घेत नाही.

आणि हो, मशीन आलं की मागचं झाकण उघडून फिल्टरवरची प्लास्टिकची पिशवी काढा. आमच्या घरी ती आठ महिने तशीच होती. मी मात्र येईल त्याला सांगत होतो, बघा, किती फरक पडलाय!