वाचकांचे प्रश्न : पुस्तकांचे दुसरे कपाट

वाचनाविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. चौघांचीही अडचण थोड्याफार फरकाने एकच आहे : एका प्रकारच्या पुस्तकांत मन रमते आणि दुसऱ्या प्रकारचे पुस्तक उघडले की ते रमत नाही. पत्रे संक्षिप्त करून छापली आहेत.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. आयुष्यभर ऐतिहासिक कादंबऱ्याच वाचत आलो. शिवकाल आणि पेशवाई यांवरचे आमच्या वाचनालयातले बहुतेक सर्व वाचून झाले. पानिपताचा प्रसंग आला की दर वेळी वाटते, विश्वासरावांना ती गोळी लागली नसती तर? मुलगी विज्ञानकथा, ललित लेख, प्रवासवर्णने आणून देते. पण तीस-चाळीस पानांनंतर पुस्तक बाजूला पडते. या वयात आवड बदलते का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आवड बदलण्याची गरजच नाही. ती नेमकी कशाची आहे, एवढे तपासून पाहावे. ऐतिहासिक कादंबरीत कुणाला लढाया आणि राजकारणाचे डावपेच हवे असतात, तर कुणाला त्या काळातला साधा माणूस काय खात होता आणि कशाला भीत होता हे जाणून घ्यायचे असते. आपल्या पत्रातले ‘गोळी लागली नसती तर?’ हे वाक्य वाचल्यावर आपण नकळत विज्ञानकथेच्या दारात उभे आहात असे म्हणावेसे वाटते.

जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा याच प्रश्नावर उभी आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा मुंबईत येऊन पोहोचतात, जिथे 1761 मध्ये मराठे जिंकलेले आहेत आणि ईस्ट इंडिया कंपनी अजून आपला बारीकसा कारभार सांभाळून आहे. गोंधळलेले गंगाधरपंत टाउन हॉलमधले ग्रंथालय गाठतात आणि इतिहास नेमका कुठे फिरला हे शोधू लागतात. भाऊसाहेबांच्या बखरीत त्यांना ते ठिकाण सापडते : आपल्या बखरीत जी गोळी विश्वासरावांना लागते, ती तिथल्या बखरीत कानाजवळून निघून जाते. पुढे पुंजसिद्धांताचा, म्हणजे अणूसारख्या सूक्ष्म कणांचे वर्तन सांगणाऱ्या भौतिकशास्त्रातील सिद्धांताचा, आधार घेऊन या घोटाळ्याचा उलगडा केला आहे. तो भाग पहिल्या वाचनात पूर्ण समजला नाही तरी बिघडत नाही. एका बखरीतल्या एका ओळीभोवती विज्ञानकथा कशी रचली जाते हे पाहण्यातली मौज आपल्यासारख्या वाचकाला इतरांहून अधिक मिळेल, कारण मूळ ओळ आपल्याला पाठ आहे.

दुसरी वाट उलट दिशेने, कादंबरीकडून प्रत्यक्षदर्शी वृत्तांताकडे जाते. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे 1857 मध्ये दक्षिणा मिळवण्याच्या उद्देशाने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. त्यांनी लिहून ठेवलेला हा वृत्तांत चिंतामण विनायक वैद्य यांनी 1907 मध्ये ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केला. कादंबरीकाराला पुढे काय घडणार हे ठाऊक असते आणि त्या हिशेबाने तो प्रसंग चढवत नेतो. गोडसे भटजींना पुढचे काहीच ठाऊक नाही, आणि त्यांची पहिली काळजी जिवाची असली तर दुसरी मिळवलेल्या पैशांची आहे. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी त्यांना धुळीने भरलेली, तहानलेली लक्ष्मीबाई भेटते. भटजी पाणी काढून देऊ लागतात, तर विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून ती स्वतःच पोहरा ओढते. या प्रसंगाला पार्श्वसंगीत नाही, स्वगत नाही. म्हणूनच तो पाठ सोडत नाही. प्रवासवर्णनांकडे वळायचे असेल तर या पुस्तकापासून वळावे. मुलीने आणलेली सगळीच प्रवासवर्णने वाचली पाहिजेत असे नाही. प्रेक्षणीय स्थळांची यादी आणि शाकाहारी जेवण न मिळाल्याची तक्रार यांवर उभी राहिलेली या प्रकारातली पुस्तके मराठीत पुष्कळ आहेत आणि ती तिसाव्या पानावर सोडणे हा वाचकाचा दोष नव्हे.

यानंतर नंदा खरे यांची ‘अंताजीची बखर’ घ्यावी. बखरीचा बाज उचलून लिहिलेली ही कादंबरी अठराव्या शतकातली आहे. पण तिचा निवेदक थोर पुरुष नाही, तर थोरांच्या सावलीत वावरणारा आणि आपली कातडी सांभाळून असणारा एक मिस्कील इसम आहे. आपल्या नेहमीच्या कादंबऱ्यांतील आदराचा सूर इथे सापडणार नाही. पहिली काही पाने त्यामुळे खटकतील. तिथे थांबू नये. याच लेखकाने पुढे ‘उद्या’ ही येऊ घातलेल्या काळाची कादंबरी लिहिली. तिला साहित्य अकादमीचा 2020 चा पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो नाकारला. भूतकाळ आणि भविष्यकाळ या दोहोंकडे एकाच तिरकस नजरेने पाहणारा लेखक हाताशी असला की प्रकारांमधले अंतर आपोआप कमी होते.

राहता राहिले ललित लेख. ते बाजूला पडण्याचे कारण बहुधा वाचनाची गती हे आहे. सहाशे पानांची कादंबरी वाचणारा माणूस एका बैठकीत साठ-सत्तर पाने सहज मागे टाकतो, कारण कथानक त्याला ओढत असते. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’मध्ये ओढणारे कथानक नाही, एकेका मराठी महिन्यावर एकेक लेख आहे आणि त्यात झाडे, फुले, पक्षी, आभाळ यांचे बदल टिपलेले आहेत. ते पुस्तक सलग वाचले तर कुणालाही कंटाळा येईल. सध्या जो महिना चालू असेल तेवढाच लेख वाचावा, दुसऱ्या दिवशी फिरायला जाताना त्यातले एखादे झाड ओळखता येते का पाहावे, आणि पुस्तक पुढच्या महिन्यापर्यंत मिटून ठेवावे. सगळे पुस्तक संपायला वर्ष लागेल. ते तसेच वाचायचे पुस्तक आहे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा आणि गूढकथा फार आवडतात. घरी मात्र “हे काय वाचन झाले? काहीतरी चांगले वाच” असे ऐकावे लागते. मला इतर साहित्यही वाचायचे आहे, पण भयकथा हा कमी दर्जाचा प्रकार आहे असे मानून नाही. या कथांचा आस्वाद घेण्याची काही रीत आहे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : घरच्यांना एक गोष्ट अवश्य सांगावी. ‘हंस’ हे वाङ्मयीन मासिक, ‘मोहिनी’ हे विनोदी मासिक आणि ‘नवल’ हे अद्भुताला वाहिलेले मासिक ही तिन्ही एकाच संपादकाने, अनंत अंतरकरांनी चालवली. तिन्ही मासिकांच्या टेबलांमध्ये त्यांनी उच्चनीचतेची भिंत घातली नाही. मतकरींचे उदाहरण तर आपल्यासमोरच आहे : गूढकथा लिहिणाऱ्या याच हाताने ‘अलबत्या गलबत्या’सारखे बालनाट्य आणि ‘लोककथा ’78’सारखे अस्वस्थ करणारे नाटक लिहिले. मुलांना हसवताना आणि मोठ्यांना घाबरवताना लागणारे कसब पुष्कळसे एकच असते. दोन्हीकडे प्रेक्षकाला पुढे काय वाटणार हे आधी ओळखावे लागते.

प्रकारावरून दर्जा ठरवण्याची सवय जुनी आहे आणि लेखकांनाही तिचा अनुभव आलेला आहे. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, पत्नीकडून लिहून घेऊन. नामवंत शास्त्रज्ञाचे नाव पाहून निर्णय होऊ नये, कथा पाहून व्हावा, अशी त्यांची इच्छा होती. कथेला पारितोषिक मिळाले. वाचकानेही पुस्तक हाती घेताना हीच शिस्त पाळावी : मुखपृष्ठावरची कवटी किंवा पुरस्काराचा शिक्का या दोन्हींकडे घटकाभर दुर्लक्ष करावे.

आता आस्वादाविषयी. भयकथा पहिल्यांदा भीतीसाठी वाचावी आणि शेवट कळल्यानंतर, काही दिवसांनी, पुन्हा वाचावी. दुसऱ्या वाचनात भीती वाटत नाही. तेव्हा लेखकाने कोणती माहिती कुठे दडवली, साध्या घरगुती वर्णनात कोणती वस्तू सहज ठेवून दिली, निवेदकाला काय ठाऊक होते आणि त्याने ते केव्हा सांगितले, हे दिसू लागते. धारपांच्या चांगल्या कथांमध्ये जुना वाडा, त्यातली खोली, खोलीतला उजेड यांचे वर्णन आधी इतके निवांतपणे येते की वाचक बेसावध राहतो. ज्या कथेत दुसऱ्या वाचनात हाती लागण्यासारखे काही उरत नाही, ती कथा खुशाल साधारण ठरवावी. अशा कथा या प्रकारात भरपूर आहेत, तशा त्या सामाजिक कथेतही आहेत. बाबुराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांतल्या झुंझार आणि काळापहाड या नायकांच्या मनात आज डोकावावे असे फारसे सापडत नाही. पण वाचकाला पानावरून उठू न देणारी त्यांची वेगवान वाक्ये अभ्यासण्यासारखी आहेत.

भयकथेच्या वाचकाने जी. ए. कुलकर्णी अवश्य वाचावेत. ‘काजळमाया’मधल्या कथांमध्ये भूत नाही, नियती आहे आणि तिची चाहूल भुताहून गडद आहे. एका दिवशी एकच कथा वाचावी. अंधाऱ्या वातावरणाला आपण सरावलेल्या आहात, त्यामुळे अनेक ‘गंभीर’ वाचकांना जी. ए. जेवढे अवघड जातात तेवढे आपल्याला जाणार नाहीत.

निवेदक कोण आहे याकडे पाहण्याची सवय लागली की आत्मकथनेही वेगळी दिसतात. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (1978) दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, एकाच माणसाचे हे दोन भाग समोरासमोर बसलेले आहेत. लेखकाने ही विभागणी का केली असेल याचा विचार करीत पुस्तक वाचावे. मात्र तिथे भयकथेतली उत्कंठा शोधू नये. ती घडलेली आयुष्ये आहेत आणि त्यांच्याकडून थराराची अपेक्षा करणे गैर ठरेल.

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षक आहे. कथा-कादंबऱ्या आवडतात, पण कवितासंग्रह संपवला की त्यातले काहीच लक्षात राहत नाही. कविता आमच्यासाठी नाही असे समजावे का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ‘संपवला’ या शब्दातच अडचण आहे. संग्रहातल्या साठ कविता एका संध्याकाळी वाचल्या तर कवीच्याही लक्षात राहणार नाहीत. बहिणाबाई चौधरींपासून आरंभ करावा. त्यांना लिहिता येत नव्हते; शेतात आणि जात्यावर काम करताना गायिलेल्या या रचना मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून ठेवल्या आणि आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने 1952 मध्ये त्या पुस्तकरूपाने आल्या. ज्या कविता जन्माने तोंडी आहेत त्या मोठ्याने म्हणाव्यात, आणि आपण शिक्षक असल्यामुळे तशी सोय वर्गातच आहे. अरुण कोलटकरांची ‘भिजकी वही’ मात्र निवांतपणे, सुट्टीत घ्यावी. जगभरच्या पुराणांतल्या आणि इतिहासातल्या दुःखी स्त्रिया त्या कवितांमध्ये येतात. त्यांतली एखादी अनोळखी असेल तर आधी तिची गोष्ट शोधून वाचावी आणि मग कवितेकडे परतावे.

प्रश्न : तालुक्याच्या ‘ब’ वर्ग वाचनालयात मी देवघेव विभाग सांभाळते. प्रत्येक सभासद ठरलेल्या कपाटापाशीच जातो. इतर कपाटांतली चांगली पुस्तके वर्षानुवर्षे बाहेर जात नाहीत. काय करता येईल?
— एक वाचक, बुलढाणा जिल्हा

उत्तर : वर्गीकरण पुस्तक शोधण्यासाठी असते, सुचवण्यासाठी नसते. ग्रंथालयांतल्या दशांश वर्गीकरण पद्धतीत मराठी साहित्य 891.46 या क्रमांकाखाली जाते, इतिहास आणि चरित्रे 900 पासूनच्या क्रमांकांत जातात, आणि पानिपतावरची विज्ञानकथा पानिपताच्या इतिहासापासून एक अख्खी भिंत दूर जाऊन बसते. पाचगणीजवळच्या भिलार या गावात 2017 पासून घराघरांत पुस्तके ठेवली आहेत आणि तिथेही घरे साहित्यप्रकारांप्रमाणेच वाटलेली आहेत. फरक एवढाच की तिथे एका घरातून दुसऱ्या घरात जाताना वाटेत तिसरे घर लागते आणि पाहुणा सहज आत डोकावतो. आपल्या वाचनालयात ही वाट मुद्दाम तयार करावी लागेल.

आजच परत आलेली पुस्तके लगेच आपापल्या कपाटात लावू नयेत. ती दिवसभर खिडकीशेजारच्या फळीवर, जशी आली तशी मिसळलेली ठेवावीत. दुसऱ्या कुणीतरी नुकतेच वाचलेले पुस्तक उचलून पाहण्याचा मोह सभासदांना होतोच. त्या फळीवर आपल्या पसंतीची, फार दिवस बाहेर न गेलेली दोन-तीन पुस्तके घुसवायला हरकत नाही. नियमाची काटेकोर मंडळी नाराज झालीच तर रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी तिसऱ्या सूत्राकडे बोट दाखवावे : प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे.

सभासदांना दिवाळी अंक घरी वाचायला देण्याच्या योजनेचा उपयोग याहून अधिक होईल. 1909 मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून कथा, कविता, लेख आणि चित्रे एकाच वेष्टनात वाचण्याची सवय मराठी घरांना आहे; कादंबरीच्या कपाटाबाहेर पाऊल न टाकणारा सभासदही अंकातला वैज्ञानिक लेख किंवा व्यक्तिचित्र वाचून टाकतो. अंक परत करताना त्याला एवढेच विचारावे की यातले काय आवडले. उत्तर मिळाले की त्या लेखकाचे एखादे पुस्तक, मग ते कोणत्याही कपाटातले असो, त्याच्या पुढच्या खेपेपर्यंत खिडकीपाशी काढून ठेवावे आणि त्याच्या सभासद कार्डावर पेन्सिलीने तशी खूण करावी.