ऑक्टोपस झालेला वड छाटायचा का?

प्रश्न: नमस्कार ताई, माझ्याकडे कुंडीत एक वड आहे, सासऱ्यांनी गच्चीच्या भिंतीतून उपटून लावलेला. आता त्याची मुळं वीतभर वर उघडी पडलीयेत आणि फांद्या नुसत्या वळवळत लांब गेल्यात. बॉन्साय क्लासमधले सर म्हणाले ही काही स्टाइलच नाही, मुळं गाडा आणि सगळं छाटा. पण मी जुन्या जपानी चित्रात अगदी अस्संच झाड पाहिलंय. काय करू?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर: आधी कात्री बाजूला ठेवा. चित्रातलं झाड खरंच तसं होतं. एदो काळात, म्हणजे 1603 ते 1868, जपानात कुंडीतल्या झाडांना हाचीनोकी म्हणायचे आणि तेव्हा अशा वळवळत्या फांद्यांच्या पाइनची भलतीच क्रेझ होती, ताकोझुकुरी म्हणजे ऑक्टोपस स्टाइल. उघड्या मुळांची ती नेआगारी, तीही तेव्हा लोकांना आवडायची. पुढे 1868 नंतरच्या मेइजी काळात आवड बदलली, फांद्या वळवायला तांब्याची तार आली, झाड 'नैसर्गिक' दिसलं पाहिजे असं ठरलं आणि ऑक्टोपस मागे पडला. म्हणजे क्लासमध्ये शिकवतात तो नीटनेटका त्रिकोणी बॉन्सायच तुमच्या वडापेक्षा नवा फॅशनवाला आहे, हे सरांना सांगू नका हवं तर!

आणि वळणांची हौस फक्त जपान्यांनाच नव्हती. चीनमध्ये 706 सालच्या एका राजपुत्राच्या थडग्यातल्या भित्तिचित्रात सेवकांच्या हातात तबकातली छोटी झाडं दिसतात, आणि तिथल्या यांगझोऊ शहरातले बॉन्सायवाले तर एका इंचात तीन वळणं देण्यासाठी प्रसिद्ध. आता गंमत अशी की विचित्र स्टाइल्स परत येतायत, पण नुसती जुनी कॉपी म्हणून नाही, लोक आपल्याकडची झाडं बघून आकार घेतायत. दक्षिण आफ्रिकेत चार्ल्स सेरोनिओ या बॉन्सायकारांनी बाओबाब (आपली गोरखचिंच) आणि सपाट डोक्याच्या बाभळीच्या स्टाइल्स मांडल्या, त्यातली एक तर पियर्नीफ या चित्रकाराच्या चित्रांतल्या झाडांवरून. मग बडोद्यात राहून, कमाटीबागेत रोज वड बघून, आपण पाइनचा त्रिकोण का गिरवायचा?

तेव्हा मुळं मुळीच गाडू नका. पण फांद्यांबद्दल सर अर्धे बरोबर आहेत. ऑक्टोपस पाइनला शोभतो कारण पानं बारीक सुईसारखी, वडाचं पान मोठं, लांब फांदीच्या टोकाला ते लोंबकळतं आणि बाईंनी केस न विंचरल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा चीनच्या लिंगनान पद्धतीने करा, फांदी जाड होईपर्यंत वाढू द्या, मग दोन-तीन डोळे ठेवून कापा, नवा फुटवा परत वाढू द्या, परत कापा. तारेची फारशी गरजच पडत नाही आणि वळणं टोकदार, झोकदार येतात. चीक येईल, ओल्या कपड्याने पुसून टाका.

मुळं अजून उघडायची असतील तर पाऊस लागला की वरची माती थोडी थोडी काढा, एकदम नाही, तळातल्या मुळांना माती हवीच. मे महिन्यात 42-43 डिग्रीत गच्चीवर कोवळी मुळं भाजतात, तेव्हा ओलं गोणपाट गुंडाळा आणि दुपारी कुंडी सावलीत सरकवा. पारंबी सुटली तर कोल्ड्रिंकच्या स्ट्रॉमध्ये ओलं मॉस भरून त्यातून खाली मातीपर्यंत न्या, मातीत रुजली की स्ट्रॉ कापून काढा.