मॉरिशसची गणेश चतुर्थी दुसऱ्या दिवशी का?

प्रश्न : मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, असे ऐकले होते. मात्र २०२५ च्या तेथील सुट्ट्यांच्या यादीत ती २८ ऑगस्टला दिसली आणि आपल्याकडे चतुर्थी २७ ला होती. ही चूक आहे का? तेथे आणखी कोणत्या धार्मिक आणि राष्ट्रीय सुट्ट्या असतात?

उत्तर : चूक नाही. तेथील सुट्टी चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी दिली जाते. तेथील बहुतेक मराठी घरांत गणपती दीड दिवसाचा असतो आणि दुसऱ्या दिवशी समुद्रावर किंवा नदीवर विसर्जन होते. सर्वांना मोकळीक हवी असते ती त्या दिवशी. आपली भाषा बोलणाऱ्यांचा सण एखाद्या परक्या देशाने संपूर्ण देशाची सुट्टी म्हणून मानावा, याचे मला फार अप्रूप वाटते.

अर्थात हा मान एकट्या मराठी समाजाचा नाही. महाशिवरात्र आणि दिवाळी यांच्याबरोबर तमिळ लोकांची थायपूसम कावडी, तेलुगू लोकांचा उगादी (म्हणजे आपला पाडवाच), चिनी वसंतोत्सव, रमजान ईद आणि नाताळ या सर्व सुट्ट्या तेथे आहेत. कॅथलिक समाजाचे १५ ऑगस्ट आणि १ नोव्हेंबर हे दोन सण आलटून पालटून, एका वर्षी एक आणि पुढच्या वर्षी दुसरा, असे सुट्टीत धरले जातात. ईदची तारीख चंद्रदर्शनावर ठरते.

राष्ट्रीय सुट्ट्यांपैकी १२ मार्च हा मुख्य दिवस होय, कारण १९६८ मध्ये त्या दिवशी देश स्वतंत्र झाला आणि १९९२ मध्ये त्याच तारखेला प्रजासत्ताक बनला. परंतु या देशाची घडण ज्यांना समजून घ्यायची आहे, त्यांनी १ फेब्रुवारी आणि २ नोव्हेंबर या दोन सुट्ट्या एकत्र पाहाव्यात, असे मी आवर्जून सांगेन. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तेथील गुलामगिरी कायद्याने संपली. ती संपणार हे दिसत असल्यामुळे उसाच्या मळ्यांना नवे हात हवे होते, म्हणून २ नोव्हेंबर १८३४ रोजी, म्हणजे अवघे तीन महिने आधी, कलकत्त्याहून ३६ करारबद्ध मजुरांना घेऊन ‘अॅटलस’ हे जहाज पोर्ट लुईला पोहोचले. पुढील सुमारे आठ दशकांत जवळजवळ पाच लाख मजूर याच बंदरात उतरले. धक्क्यावरून वर जाणाऱ्या १६ दगडी पायऱ्या त्यांना चढाव्या लागत आणि त्या पायऱ्या आजही जागेवर आहेत. त्या स्थळाला आप्रवासी घाट म्हणतात आणि २००६ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. दरवर्षी २ नोव्हेंबरला तेथे पुष्पचक्र वाहिले जाते. १ फेब्रुवारीला तोच मान, पळून गेलेले गुलाम ज्या डोंगरावर आश्रय घेत, त्या ल मॉर्नला मिळतो.