यादीत क्लिनिक कुठे आहे?

‘मावशी, मी ३४ वर्षांची, नाशिकला फिजिओथेरपिस्ट आहे. गंगापूर रोडला माझं दोन खाटांचं क्लिनिक आहे, सात वर्षं झाली. नवरा सातपूरला एका कंपनीत इंजिनिअर. त्याला जर्मनीत स्टुटगार्टजवळ नोकरी मिळतेय. जानेवारीअखेर कळवायचं आहे, एप्रिलमध्ये रुजू व्हायचं. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. माझं म्हणणं एवढंच, की हो म्हणण्याआधी आपण तिघांनी एकदा तिथे जाऊन राहून बघावं. त्यावरून घरात धुसफूस चालू आहे. नवरा म्हणतो, “साडेचार लाख घालवून पंधरा दिवसांत काय कळणार? जाऊ, नाही जमलं तर परत येऊ.” सासूबाई म्हणतात, “आता देशाचाही बघण्याचा कार्यक्रम का?” तिथे काय काय बघायचं, याची चौदा मुद्द्यांची यादी केली आहे, सोबत जोडते. क्लिनिकची किल्ली कुणाच्या हातात द्यायची तेही सुचत नाही. माझं चुकतंय का?’
– द्विधा, नाशिक

प्रिय द्विधा,

सासूबाईंचा टोमणा वाचून मी मनापासून हसले. पण अगं, त्या बरोबरच बोलल्या. बघण्याचा कार्यक्रमच आहे हा. कांदेपोहे खाऊन संसार कसा होईल हे आजवर कुणाला कळलंय? तरी आपण पोहे खायला जातोच. निदान माणूस पाणी आणून देणाऱ्या धाकट्या बहिणीशी कसा बोलतो, एवढं तरी दिसतं. तेवढ्यावरून लग्नं ठरली आहेत आणि मोडलीही आहेत.

तेव्हा जा. चुकत नाहीये तुझं.

आता नवऱ्याच्या वाक्याकडे वळते. ‘नाही जमलं तर परत येऊ’ हे ऐकायला फार मोकळंढाकळं वाटतं, पण त्याचा हिशोब मांड. जर्मनीत घर भाड्याने घेताना तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी अनामत मागितली जाते. पुष्कळ घरांत स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि नळाची तोटी. ओटा, सिंक, कपाटं आधीचा भाडेकरू उचकटून सोबत नेतो, ती तुम्ही विकत घ्यायची. तिकिटं, सामान, मुलाची शाळा दोनदा बदलणं हे वेगळंच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नवरा परत आला तर ‘जर्मनीचा अनुभव’ घेऊन येईल, नोकरीच्या बाजारात त्याची किंमत वाढलेली असेल. तू परत येशील तेव्हा त्या गाळ्यात मोबाइलचं दुकान असेल. परतीचं तिकीट दोघांचं सारख्याच किमतीचं नाही. हे त्याला एकदा शांतपणे सांग, भांडताना नको.

पण जायचं तर कधी? जूनमध्ये अजिबात नको. नोव्हेंबरच्या शेवटी जा. हे मी ऐकीव नाही सांगत. माझी भाची स्टुटगार्टजवळ एस्लिंगनला राहते. दोन वर्षांपूर्वी मी तिच्याकडे सहा आठवडे होते, ऑक्टोबरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. पहिले पंधरा दिवस मी इतकी भारावले होते, की रोज तुमच्या मावसकाकांना द्राक्षमळ्यांच्या उतारांचे आणि लाकडी चौकटींच्या जुन्या घरांचे फोटो पाठवत होते. मग ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे गेली आणि खेळच पालटला. नोव्हेंबर संपता संपता तर दुपारी साडेचारला सूर्य मावळायचा. सकाळी पावणेआठपर्यंत उजाडायचं नाही. थंडीचं मला काही वाटलं नाही, थंडीला कोट असतो. अंधाराला काय घालणार? चौथ्या आठवड्यात मी दुपारी तीन वाजता ‘आता दिवा लावू का गं?’ असं भाचीला विचारत होते. हे तुला बघायचं आहे. त्याच सुमाराला तिथले ख्रिसमसचे बाजार उघडतात, एस्लिंगनचा तर मध्ययुगीन थाटाचा, मशाली वगैरे लावलेला. त्याला एक संध्याकाळ दे, जास्त नको. दिव्यांच्या माळा बघून देश ठरवू नये.

दुसरं म्हणजे हॉटेलात उतरू नका आणि ओळखीच्यांकडेही नको. आपली मराठी मंडळी फार प्रेमाची. एक घर पुरणपोळी वाढून ‘इथे स्वर्ग आहे’ म्हणेल, दुसरं घर साबुदाण्याची खिचडी वाढून ‘चुकूनही येऊ नका’ म्हणेल. दोघंही आपापला निर्णय बरोबर होता हेच सांगत असतात. त्यांना भेट, पण राहा वेगळं. हातात येणाऱ्या पगारात जिथे घर परवडेल, अशा उपनगरात पंधरा दिवसांसाठी साधा फ्लॅट घे. कचऱ्याचे वेगवेगळे डबे, जिन्यातली शांतता, रविवारी बंद असलेली दुकानं, सगळं आपसूक कळेल. रविवारची दुकानबंदी तिथे कायद्याने आहे, हे मला ठाऊक होतं. तरी शनिवारी दूध आणायला विसरले आणि रविवारी जावई बिचारा स्टेशनवरच्या दुकानातून घेऊन आला.

आणि एक गंमत. भाचीच्या दारावर एका सोमवारी सकाळी एक लाकडी पाटी लटकलेली दिसली. शेजारच्या आजींनी आणून अडकवली होती. त्या भागात ‘केरवोखं’ म्हणून प्रथा आहे. पाटी ज्याच्या दारावर, त्या आठवड्यात जिना आणि अंगणाची झाडलोट त्याची. शब्दातच आपला केर आहे बघ! मी झाडू घेऊन चार पायऱ्या झाडल्या, तर आजी वरून उतरल्या, काही न बोलता कठड्याखालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि गेल्या. मला आधी राग आला. मग माझीच सासू आठवली. दुसऱ्या दिवशी त्याच आजींनी केकचा तुकडा आणून दिला. त्या माणसांशी आपलं जमेल की नाही, हे चौदा मुद्द्यांत बसत नाही. त्यासाठी जिना झाडावा लागतो.

आता तुझ्या यादीकडे येते, कारण मला खरं बोलायचंय ते तिच्याबद्दल. मी ती दोनदा वाचली. मुलाची शाळा, नवऱ्याच्या ऑफिसचं अंतर, भाडं, भाजी, तूरडाळ, मुलांचा डॉक्टर, थंडीचे कपडे, देऊळ, शेजारी. चौदापैकी नऊ मुद्दे ‘त्रास नाही ना होणार?’ अशा धर्तीचे आहेत. म्हणजे नकाराचे पुरावे गोळा करायला निघाली आहेस की काय, अशी शंका येते. पण त्याहून मोठी गोष्ट ही, की चौदांत तुझ्या कामाचा एकही मुद्दा नाही. किल्लीचा विषय पत्राच्या शेवटी, तोही ‘तेही सुचत नाही’ म्हणून. अगं, खरा प्रश्न तोच आहे! तू यादी केलीस ती घरातल्या सगळ्यांसाठी. आता स्वतःसाठी कर, मी सुरुवात करून देते.

नवऱ्याला कोणता परवाना मिळणार ते आधी विचार. ब्लू कार्ड, म्हणजे बाहेरच्या देशांतल्या उच्चशिक्षित नोकरदारांना मिळणारा परवाना असेल, तर तुला सोबत जायला आधी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि तिथे नोकरी करायची मुभाही मिळते. पण नोकरीची मुभा वेगळी आणि फिजिओ म्हणून काम करायची मान्यता वेगळी. तिथे ‘फिजिओथेरपिस्ट’ हे बिरुद कायद्याने राखलेलं आहे. मान्यता राज्य देतं. तुझा अभ्यासक्रम त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतात, कमी पडेल तेवढ्यासाठी तिथे पुरवणी प्रशिक्षण घ्यायचं किंवा परीक्षा द्यायची. भाषा साधारण बी-टू पातळीची लागते, म्हणजे सहा पायऱ्यांतली चौथी. क्लिनिक सांभाळून शून्यापासून तिथवर पोचायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. म्हणून जाणं ठरो न ठरो, ए-वनचा, म्हणजे पहिल्या पायरीचा वर्ग आत्ता लाव.

फिजिओंचा तिथे तुटवडा आहे, ही चांगली बातमी. पण काम कसं असतं ते डोळ्यांनी बघ. पेशंट बहुतेक डॉक्टरची चिठ्ठी घेऊनच येतो आणि नेहमीच्या उपचाराची वेळ पंधरा ते पंचवीस मिनिटांची ठरलेली असते. तू गोठलेल्या खांद्याच्या आजोबांबरोबर पाऊण तास बसत असशील, त्यांच्या नातवाच्या बारशापर्यंत गप्पा होत असतील. तिथे वीस मिनिटांनी दारात पुढचा माणूस उभा. काहींना हे फार आवडतं, सहा वाजता काम डोक्यातून बाहेर. काहींचा जीव गुदमरतो. तू कुठली, हे मला इथे बसून कळणार नाही. निघण्याआधी त्या भागातल्या पाच-सहा फिजिओ केंद्रांना दोन ओळींची मेल टाक, ‘भारतातून आलेली फिजिओ आहे, अर्धा तास बोलायला मिळेल का?’ एखादं तरी उत्तर येईल. फक्त पेशंटला हात लावायचा नाही, फुकटसुद्धा नाही. फिरायला जाण्याच्या व्हिसावर काम करता येत नाही.

त्या व्हिसाचं थोडक्यात सांगते. शेंगेन व्हिसावर, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या अल्प मुदतीच्या व्हिसावर, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. मोठ्यांना ९० युरो फी, तुझ्या मुलाच्या वयाला ४५. निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. नवऱ्याच्या नोकरीबद्दल विचारलं तर लपवू नका. तुम्ही परत येणार, हे पटवायला तुझ्या क्लिनिकचे कागद आणि मुलाच्या शाळेचं पत्र उपयोगी पडेल. याच व्हिसावर ‘आता आलोच आहोत तर राहू’ असं करता येत नाही, परत येऊन इथूनच दुसरा अर्ज करायचा. तारखा मिळायला वेळ लागतो, म्हणून फराळाच्या आधी हे काम हातावेगळं कर.

मुलाबद्दल मला तुझ्याइतकी काळजी वाटत नाही. सात वर्षांचं पोर भाषा शिकतं, आई रडत असते तेव्हा ते पुढच्या वाक्याला गेलेलं असतं. फक्त एक लक्षात ठेव. तिथे चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत फुटतात. म्हणून जायचं असेल तर लवकर गेलेलं त्याच्या पथ्यावर पडेल. पाचवीच्या तोंडावर नेऊ नकोस.

तिथले पंधरा दिवस कसे घालवायचे, त्यात माझी एकच अट आहे. एक कामाचा दिवस, समजा मंगळवार, अदलाबदल करा. तू सकाळी एकटी बाहेर पड, त्या फिजिओ केंद्रात जा, दिवसभर परत येऊ नकोस. नवऱ्याने मुलाला घेऊन फ्लॅटवर राहायचं. दुकानात जाऊन जर्मन पाट्या वाचत सामान आणायचं, जेवण करायचं, पोराला रमवायचं आणि साडेचारनंतरच्या अंधारात खिडकीशी बसून तुझी वाट बघायची. ‘पंधरा दिवसांत काय कळणार’ म्हणतो ना, त्याला एका दिवसात बरंच कळेल. आणि तिथे असेपर्यंत निर्णयाची चर्चा बंद. नाहीतर प्रत्येक बस चुकली की तू ‘बघ’ म्हणशील आणि प्रत्येक स्वच्छ बाग दिसली की तो ‘बघ’ म्हणेल.

बघून आलात आणि तुझा कौल होकाराकडे झुकला, तरी किल्ली लगेच देऊ नकोस. जर्मनीत नव्या नोकरीला बहुधा सहा महिन्यांचा परीक्षाकाळ असतो. त्या काळात दोन्ही बाजू दोन आठवड्यांच्या सूचनेने मोकळ्या होऊ शकतात. कंपनी त्याला सहा महिने पारखणार, मग तुम्हीही कंपनीला पारखा. एप्रिलमध्ये त्याला एकट्याला जाऊ दे. तू क्लिनिकमध्ये एखादी हुशार कनिष्ठ फिजिओ ठेव, टक्केवारीवर, आणि हळूहळू पेशंटना तिची सवय होऊ दे. त्या भागातल्या शाळा सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतात, म्हणजे तुला पाचव्या महिन्यातच ठरवावं लागेल, सहाव्याची वाट बघता येणार नाही. हे जरा गैरसोयीचं आहे, पण एप्रिलमध्ये गाळा सोडून देण्यापेक्षा बरं. त्या मुलीला वर्षभर क्लिनिक चालवता आलं, तर ते विकण्याचा प्रश्नही येणार नाही कदाचित.

आणि सासूबाई. त्यांचा टोमणा देशावर नव्हता गं. नातू जाणार, हे त्यांना तुमच्याआधी कळलंय. तिथून रोज त्यांना फोन लाव, नातवाला बोलू दे. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. तिथे सूर्य मावळेल तेव्हा नाशकात रात्रीचे नऊ वाजलेले असतील आणि त्यांची मालिका चालू असेल. म्हणून साडेनऊला कर.

तुझी,
मावशी